साडेतीन वर्षांचं मूल सकाळी आवरत नाही, तेव्हा

तुमच्या प्रश्नातला मजकूर आधी थोडक्यात मांडते. मुलगा साडेतीन वर्षांचा. घर डोंबिवलीला. बाबा सातलाच बाहेर पडतात आणि रात्री साडेनऊला येतात. तुम्हाला आठ-वीसची लोकल गाठायची असते, म्हणून तुम्ही आठला घर सोडता. साडेआठला शाळेची रिक्षा येते, तोवर घरात आजी आणि तो. दात घासणं, अंघोळ, कपडे, दूध, चपला, सगळ्याला 'नाही'. दहा वेळा सांगून होत नाही, मग तुम्ही ओरडता, तो रडतो आणि गाडीत बसल्यावर तुम्हाला रडू येतं. शाळेतल्या बाई मात्र म्हणतात, 'अहो, किती शहाणा आहे तो, सगळं स्वतः करतो.' तेव्हा तुमचा प्रश्न असा की तो तुम्हालाच त्रास देतो का?

नाही. गेली अठ्ठावीस वर्षं मी बालवाडीत आहे आणि हा प्रश्न मला शेकडो आयांनी विचारला आहे. 'शाळेत शहाणा, घरी हट्टी' हे मुलाच्या स्वभावाचं वर्णन नसतं. शाळा आणि घर यांची मांडणी वेगळी असते, त्याचं ते वर्णन असतं.

शाळेत काय होतं ते पाहा. दप्तर अडकवायची खुंटी त्याच्या खांद्याच्या उंचीवर असते. चपला काढून ठेवायची जागा ठरलेली असते आणि तिथे त्याचं चित्र चिकटवलेलं असतं. नळ त्याच्या हाताला पुरतो. आधी हात धुणं, मग डबा, मग गोष्ट, हा क्रम रोज तोच. आणि मुख्य म्हणजे डबा उघडणं, सांडलेलं पुसणं, चटई गुंडाळणं ही कामं तो स्वतः करतो. घरी त्याच सगळ्या गोष्टी मोठी माणसं त्याच्यावर करतात. आपण त्याला उचलतो, पाणी ओततो, पुसतो, शर्टात कोंबतो. वेळ नसतो म्हणून करतो, प्रेमाने करतो, पण त्या अर्ध्या तासात मुलाच्या हाताला एकही काम नसतं. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हाताला काम नसलं की तो एकच गोष्ट करू शकतो, ती म्हणजे नाही म्हणणं.

आमच्या क्षेत्रात ही समजूत जुनी आहे. रोममध्ये १९०७ साली मारिया माँटेसरींनी पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडली. त्यांच्या पद्धतीत बटणं लावायच्या आणि नाड्या बांधायच्या लाकडी चौकटी असतात, हात धुणं आणि पाणी ओतणं हे धडे असतात. आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली पालघरकडच्या बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. तिथे मुलांची अंघोळ, नखं, केस हे शिक्षणाआधी उरकायचं काम नव्हतं, तेच शिक्षण होतं. तुमच्या घरातला सकाळचा तास मी त्याच नजरेने पाहते. तुम्हाला तो 'शाळेच्या आधीचा त्रास' वाटतो. त्याच्या दृष्टीने तो दिवसातला पहिला वर्ग आहे, आणि त्यात त्याला काहीच करू दिलं जात नाही.

पण खुंट्या खाली आणण्याआधी झोपेचा हिशोब करू या, कारण तो चुकला तर पुढचं काहीच चालत नाही.

बाबा साडेनऊला येतात, मग दोघांचा दंगा, मग जेवणाचा शेवटचा घास, आणि तो साडेअकराला झोपतो असं तुम्ही लिहिलंय. सकाळी पावणेसातला उठवता. म्हणजे सव्वासात तास. दुपारी शाळेतून आल्यावर तासभर झोपतो, ते धरून सव्वाआठ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून १० ते १३ तास झोप लागते. रोज किमान पावणेदोन तासांची तूट घेऊन तो उठतो. आपण मोठी माणसं झोप झाली नाही की मरगळतो. लहान मूल उलट करतं, ते चिरचिरतं, पळतं, हट्ट करतं, त्यामुळे हे झोपेचं आहे हे लक्षातच येत नाही. आपल्या राज्य शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, त्यामागेही मुलांची अपुरी झोप हा मुद्दा होता. पण रात्रीची झोप साडेअकरालाच लागणार असेल तर शाळा नऊला भरूनही तुमच्या मुलाला फारसं काही मिळालेलं नाही.

झोपायची वेळ एकदम सव्वानऊवर आणू नका, जमणार नाही. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे. जेवण साडेसात-आठच्या आत. मग अंघोळ किंवा नुसते हातपाय धुणं, दात, शी-शू, दिवे मंद, अंगाई किंवा गोष्ट, रोज त्याच क्रमाने. झोपायच्या आधीचा तासभर मोबाइल आणि टीव्ही बंद, घरातल्या सगळ्यांचा. यात बाबांचं मन दुखावेल, मला ठाऊक आहे. दिवसभर राबून घरी यावं आणि लेक झोपलेला असावा, हे सोपं नाही. म्हणून मी सकाळ बाबांच्या हवाली करते. उठवण्याचं काम त्यांचं. पावणेसातला हाक मारून नव्हे. त्याच्या शेजारी पाच मिनिटं आडवं व्हायचं, पाठीवरून हात फिरवायचा, खिडकीचा पडदा सरकवायचा, मग त्याला कडेवर घेऊन मोरीपर्यंत न्यायचं. सातला बाबांना टाटा करायला तो जागा आणि बऱ्या मूडमध्ये असेल. बऱ्याच घरांत ही दहा मिनिटं रात्रीच्या दीड तासाच्या दंग्यापेक्षा बाप-लेकांना जास्त जवळ आणतात, हे मी पाहिलेलं आहे.

आता एक गोष्ट जी तुम्ही लिहिली नाहीत, पण तुमच्या वेळापत्रकात ती दिसते. त्याचं आवरून झालं की तुम्ही जाता.

त्याच्या बाजूने हा क्रम कसा दिसतो? दात झाले, अंघोळ झाली, कपडे झाले, चपला झाल्या, आई गेली. मग चपला घालायला तो का तयार होईल? तो मुद्दाम अडवतो असं नाही, असा विचार त्याला शब्दांत करताही येत नाही. पण रोज तेच घडतं म्हणून त्याच्या अंगाला ते कळलेलं आहे. तुमच्याकडे शर्टावरून भांडण सर्वांत मोठं होतं आणि रविवारी त्याच शर्टाबद्दल काही होत नाही, हे तुमचंच निरीक्षण. त्याचं कारण मला इथे दिसतं.

उपाय असा की कपड्यांपर्यंतचं सगळं पावणेआठच्या आत उरका आणि शेवटची दहा मिनिटं मोकळी ठेवा. त्या वेळात त्याला मांडीवर घेऊन दूध किंवा दूध-पोळी, हातात फोन नाही, डबा भरणं नाही. डबा त्याआधी. मग निरोप, रोज एकाच पद्धतीचा आणि छोटा. दाराशी पापा, खिडकीतून हात, आणि तुम्ही निघालात. 'आई संध्याकाळी सातला येते' याला त्याच्या लेखी अर्थ नाही, घड्याळ त्याला कळत नाही. 'रिक्षा, शाळा, मग आजीकडे जेवण, मग झोप, मग खेळ, देवापाशी दिवा लावला की आई' हे कळतं. आणि तुम्ही तेव्हा आला नाहीत तर? उशीर होणार असेल तर आजींना फोन करून त्यांच्याकरवी सांगा, 'आज दिवा लागेल, मग जेवण होईल, मग आई.' त्याला वाट पाहता येते, फक्त कशाची पाहायची ते सांगावं लागतं.

न सांगता कधीही सटकू नका. माझ्या मुलीच्या वेळी मी नेमकं हेच करत असे. ती चित्रात रमली की मागच्या दाराने निघायचे, रडणं टळलं म्हणून बरं वाटायचं. दोन महिन्यांनी ती मी मोरीत गेले तरी दाराबाहेर बसू लागली. इतर मुलांच्या आयांना मी सल्ला देत होते आणि माझ्या घरात माझ्या लेकीचा माझ्या जाण्या-येण्यावरचा विश्वास मी काढून घेतला होता. तो परत मिळवायला मला जवळजवळ वर्ष लागलं. तुम्ही जाताना तो रडला तर रडू द्या, आजींच्या कडेवर रडू द्या. खरं सांगून गेलेल्या आईसाठीचं रडणं लवकर थांबतं.

आता बोलण्याबद्दल. 'आवर' हा आपल्या घरांतला सकाळचा सर्वांत लाडका शब्द. पण 'आवर' म्हणजे नेमकं काय करायचं? तुमच्या मनात त्यात आठ कामं असतात. त्याच्या मनात एकही चित्र उमटत नाही. 'नीट कर', 'शहाण्यासारखं वाग', 'लवकर' हेही तसेच. लहान मुलाला एका वेळी एक कृती कळते, जिचं चित्र दिसतं अशी: 'पाय चड्डीत घाल.' तसंच 'पळू नको' ऐकून थांबणं त्याला जड जातं, कारण आधी पळण्याचं चित्र उभं राहतं आणि मग ते खोडायचं असतं. 'हळू चाल' सोपं.

स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेलं त्याला ऐकू येतं, पण ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो गाडीशी खेळत असतो तेव्हा त्याचं सगळं लक्ष गाडीत असतं, ते स्वतःहून काढून दुसरीकडे नेण्याची ताकद या वयात फार थोडी असते. मेंदूचा जो भाग स्वतःला आवर घालतो, बेत ठरवतो, तो पुरता पिकायला विशी उलटावी लागते. म्हणून उठून त्याच्यापाशी जा. उकिडवं बसा. खांद्यावर हात. आधी त्याच्या खेळाला एक वाक्य द्या, 'अरे, ट्रक घाटात चढला वाटतं.' मग सांगा, 'ट्रक इथे पार्क कर, आता अंघोळ.' आणि मग थांबा. मनात दहा आकडे मोजा, पुन्हा बोलू नका. बहुतेक आयांची अडचण इथे होते. मूल हलायला सात-आठ सेकंद घेतं, तेवढ्यात आपण तीनदा सांगून मोकळ्या होतो आणि त्याला वाटतं, चौथ्यांदा म्हणतील तेव्हा बघू.

'अंघोळ करायची का?' असं विचारू नका. प्रश्न विचारलात तर 'नाही' हे उत्तर द्यायचा हक्क त्याला दिलात. अंघोळ ठरलेली आहे, त्यातला त्याचा वाटा कोणता ते विचारा: 'पहिला तांब्या तू ओतणार की मी?' 'निळा शर्ट की पिवळा?' दोनच पर्याय, दोन्ही तुम्हाला चालणारे. शाळेचा गणवेश असेल तर शर्टाचा प्रश्नच नाही, मग 'आधी डावा हात की उजवा?' पुरतं. निवड केवढी आहे याला महत्त्व नाही, ती खरी असली पाहिजे.

कपडे घालायला शिकवताना शेवटापासून सुरुवात करा. शर्ट तुम्ही डोक्यातून आणि हातांतून घाला, फक्त पोटावर ओढून खाली घेणं त्याचं. ते जमलं की एक हात त्याचा. मग दोन्ही. शेवटचा टप्पा त्याचा असला की 'मी घातला' हे समाधान पहिल्याच दिवशी मिळतं. पहिल्या टप्प्यापासून शिकवलं तर तो अर्ध्यात अडकतो आणि आपण चिडून पूर्ण करतो. बसायला एक बुटका पाट किंवा स्टूल द्या, एका पायावर तोल सांभाळत चड्डी घालणं त्याला जमायचं नाही. चपला चिकटपट्टीच्या, डाव्या चपलेच्या आत चिमणीचं अर्धं चित्र आणि उजवीत उरलेलं अर्धं काढा, चिमणी पूर्ण झाली की चपला बरोबर. बालवाडीत हे वर्षानुवर्षं चालतं.

दातांचं वेगळं सांगते, कारण तिथे हट्ट नेहमी हट्ट नसतो. मोठ्यांच्या पेस्टमधला पुदिना अनेक मुलांना खरोखर झोंबतो. मुलांची, सौम्य चवीची फ्लोराइडची पेस्ट घ्या, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी पुरे. त्याआधी तांदळाच्या दाण्याएवढी. आधी तो घासेल, मग तुम्ही, आणि ही 'मग तुम्ही'ची पाळी सात-आठ वर्षांपर्यंत सोडू नका, तोवर त्याच्या हाताला तेवढं नेमकं घासता येत नाही. समोर उभं राहून तोंडात ब्रश घातलेला मुलांना आवडत नाही. खाली बसा, त्याचं डोकं मागून मांडीवर घ्या, तेल लावायला घेतो तसं. रात्रीचं घासणं सकाळपेक्षा महत्त्वाचं आहे, सकाळी एखादा दिवस घाईत झालं तर चालेल, रात्रीचं चुकवू नका.

डोक्यावरून अंघोळ शाळेच्या दिवशी ठेवूच नका. रविवारी, कोमट पाणी, डोळ्यांवर त्याने स्वतः धरलेला कोरडा पंचा, आणि पाणी कधी ओतणार हे सांगून: 'तीन म्हटलं की.' बाकी दिवस अंगावरूनच.

खाण्याबद्दल थोडक्यात. काय आणि कधी वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. सकाळी सातला भूक नसणारी मुलं असतात, दूध आणि अर्धी पोळी खाऊन गेला तर डबा नीट खाईल. मोबाइल दाखवून भरवणं बंद करायचं असेल तर ते सुट्टीच्या दिवसांत करा, शाळेच्या सकाळी ही लढाई नको.

आवरल्याबद्दल चॉकलेट द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. १९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांच्या, चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना 'चित्र काढलंस तर बक्षीस मिळेल' असं आधीच सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी वेळ चित्रं काढताना दिसली. दात घासणं कुणाच्या आवडीचं नसतं, तेव्हा हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही, हे कबूल. इंजेक्शनच्या दिवशी एखादं बक्षीस द्यायला माझी हरकत नाही. पण रोजच्या कामाला रोज मोबदला ठरवलात तर महिन्याभरात तो विचारेल, 'काय देशील?' आणि मग तुमच्याकडे वाढवत नेण्याशिवाय मार्ग उरणार नाही. त्याऐवजी जे झालं ते नुसतं बोलून दाखवा: 'तू चड्डी स्वतः वर ओढलीस.' 'शहाणा बाळ' पेक्षा हे वाक्य त्याला जास्त काही सांगतं.

भीती मात्र कधीच नको. पोलीस, बागुलबुवा, 'डॉक्टरकाका सुई टोचतील', 'रिक्षाकाका नेऊन टाकतील'. यातला शेवटचा तर त्याला रोज शाळेत नेणारा माणूस आहे. त्याचीच भीती घातली तर तो रिक्षात बसेल कसा?

आजींबद्दल तुमच्या लिहिण्यात जरा राग आहे. त्या मागे धावून भरवतात, तुम्ही 'नाही' म्हटलेलं देतात. मी त्यांच्या बाजूने थोडं बोलते. आठ ते साडेआठ हा सगळ्यांत अवघड अर्धा तास, रडणारं मूल आणि खाली हॉर्न वाजवणारी रिक्षा, तुम्ही त्यांच्यावर सोपवून जाता आणि त्या तो निभावतात. त्यांना नियमांची यादी देऊ नका. एक काम पूर्ण त्यांचं करा: निरोपानंतरची गोष्ट. तुम्ही दाराबाहेर पडलात की आजी आणि तो तुळशीला पाणी घालतील, चिमण्यांना दाणे टाकतील, मग चपला. रोज हेच. तुमच्या जाण्याला लगेच काहीतरी हवंहवंसं जोडलं गेलं की दाराशी होणारं रडणं कमी होतं, आणि आजींनाही मागे धावावं लागत नाही. एवढं जमलं की त्या स्वतःच पुढचं विचारतील.

पहिला आठवडा आधीपेक्षा वाईट जाऊ शकतो. इतके दिवस ओरडल्यावरच काम होत होतं, तेव्हा न ओरडता सांगितलेलं खरंच करायचंय का हे तो तपासून बघेल. दोन-तीन आठवडे धरा. तापातून उठल्यावर, गणपतीच्या सुट्टीहून आल्यावर घडी पुन्हा विस्कटेल, ती परत बसवायला दोन-चार दिवस पुरतात. आणि एखाद्या सकाळी तुम्ही ओरडाल. संध्याकाळी त्याला जवळ घेऊन 'सकाळी आई ओरडली, तुला वाईट वाटलं ना' एवढं म्हणा. त्यानं तुमचा अधिकार कमी होत नाही.

काही गोष्टी मात्र सवयीने सुटत नाहीत, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. शी करायला बसायला घाबरत असेल, पाय आवळून धरत असेल तर आधी बद्धकोष्ठ आहे का ते बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दुखतं म्हणून टाळणं आणि टाळल्याने आणखी दुखणं, हे चक्र फार मुलांत दिसतं. रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर झोपेचे तास भरूनही झोप होत नसण्याची शक्यता असते. कपड्याची शिवण, केसांना लागलेला हात, मिक्सरचा आवाज यांनी तो अगदी सैरभैर होत असेल, किंवा दोन-तीन शब्दांची वाक्यं अजून बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, तर वाट पाहू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे ही तपासणी मोफत होते. तुमच्या वर्णनावरून तुमच्या मुलात मला यातलं काही दिसत नाही, पण घोरण्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, ते एकदा रात्री पाहा.

हे सगळं सोमवारपासून सुरू करू नका. या रविवारी बाबांना दोन खुंट्या त्याच्या खांद्याच्या उंचीवर ठोकायला सांगा, एक दप्तराची आणि एक उद्याच्या कपड्यांची. ठोकताना खिळे त्याच्या हातात धरायला द्या. रात्री झोपण्याआधी कपडे तो स्वतः अडकवेल. पहिले चार दिवस फक्त एवढं आणि झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे. पाचव्या दिवशी मांडीवरची दहा मिनिटं. दोन आठवड्यांनी मला कळवा, आणि तेव्हा दुपारी तो किती वाजता उठतो ते नक्की लिहा. साडेतीनच्या पुढे झोपत असेल तर रात्रीची सव्वानऊची वेळ गाठायला आपल्याला दुपारची झोप थोडी अलीकडे ओढावी लागेल.